सूप चुलीवर आहे

मेक्सिको सिटी
९ ऑक्टोबर १९९१

प्रिय कुका,

तुझं पत्र आणि चीज भरलेले पाव, दोन्ही पोचले. ट्रकवाल्याने वाटेत त्यातले किती खाल्ले ते त्यालाच ठाऊक, पण उरले ते छान होते. तुझ्या रोसेन्दोची कंबर आता बरी असेल. इथे सगळं ठीक. थंडी सुरू झाली आहे. शेजारच्या बाईने पोपट पाळला आहे आणि तो माझ्यापेक्षा जास्त बोलतो.

आता तुझ्या पत्राबद्दल. ते मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा लक्षात आलं की तू थट्टा करत नाहीयेस. ‘तुझ्या लोकांना सांगून मिकाएलाला त्या घरातून बाहेर काढ, म्हणजे आईही बाहेर पडेल.’ टीव्हीवरच्या मालिकेतल्या मोलकरणीबद्दल असं एखाद्या शहाण्या बाईने लिहावं, आणि तेही माझ्या थोरल्या बहिणीने!

आधी मला सांग, तू गावात माझ्याबद्दल काय पसरवलं आहेस? परवा मी आईशी बोलायला औषधाच्या दुकानात फोन लावला, तर दुकानदार म्हणाला, “लेखिकाबाई, मिकाएलाच्या त्या मालकिणीला, ग्रिसेल्दाला, एकदा चांगला धडा शिकवा.” कुका, मी मालिका लिहीत नाही. मी प्रॉम्प्टर आहे. एका काचेच्या खोलीत बसते, पुढ्यात पानं, तोंडासमोर माइक. नटांच्या कानात छोटी यंत्रं असतात. मी वाक्य म्हणते, ते नट ऐकतात आणि मग तेच रडून म्हणतात. रडणं त्यांचं, वाक्य आमच्या लेखकाचं, आदाल्बेर्तोचं, माझा नुसता आवाज. आवाजही सपाट लागतो. जरा कुठे भाव आला की दिग्दर्शक ओरडतो, “अंपारो, अभिनय नको, त्याला माणसं ठेवली आहेत.” अशी माझी सत्ता. तिच्या जोरावर मी कुणाला घराबाहेर काढू?

आईचं काय चाललं आहे ते मला समजतं. ती जिच्याकडे कामाला आहे त्या बाईसाहेबांच्या मुलाने, एवारिस्तोने, घर हॉटेलवाल्यांना विकलं. जानेवारीत तो बाईसाहेबांना स्वतःच्या घरी मोन्तेर्रेला नेणार आणि सोबत आपल्या दोघींच्या आईलाही. “तोमासा काय, घरचीच आहे,” म्हणतो. घरच्या माणसाची खाट कपडे धुण्याच्या खोलीत टाकतात, हे मला नवीन आहे. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला सामानाबरोबर इतक्या लांब न्यायचं, आणि ती बाई म्हणते, “बरं.” तू तिला म्हणालीस की माझ्याकडे राहा, तर तिने तुलाच विचारलं, “मिकाएलाची बाई माझ्या बाईसाहेबांपेक्षा दहापट वाईट आहे. तरी मिकाएला गेली का सोडून?” म्हणून तू मला पत्र लिहायला बसलीस. 

संध्याकाळी सातला आमच्या मालिकेसमोर त्या दोघी कशा बसतात ते मी गेल्या वर्षी पाहिलं आहे. बाईसाहेब आरामखुर्चीत, आई दाराजवळ स्वयंपाकघरातल्या बुटक्या खुर्चीवर. रिमोट आईच्या हातात असतो. चॅनल बाईसाहेब सांगतील ते.

खरं सांगायचं तर आमच्या मालिकेत मिकाएला जाणारच नाही. आमच्याकडचे नियम ठरलेले आहेत. श्रीमंत माणूस बोलतो तेव्हा जिन्यावर उभा असतो आणि गरीब खाली. श्रीमंतांचं डोकं दुखतं, गरिबांना ताप येतो. मोलकरीण हातात ट्रे घेऊनच खोलीत येते आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी गुपित बोलत असतं. त्या ट्रेमधली कॉफी आजवर कुणी प्यायलेली नाही. आणि शेवटी, मालकिणीने आयुष्यभर छळलं तरी, मोलकरीण तिला क्षमा करते. लोक त्या भागाची वाट पाहत असतात. मोलकरणी सगळ्यांत जास्त.

गंमत अशी की आदाल्बेर्तोने तरुणपणी एक कादंबरी लिहिली होती. बारीकशी आहे. विकली गेली नाही म्हणून तो प्रती वाटत सुटला. माझ्या काचेच्या खोलीतलं टेबल डुगडुगतं, त्याच्या पायाखाली माझी प्रत आहे. ही मालिका त्या कादंबरीवरूनच काढली आहे, पण तिच्यातली मोलकरीण जेवणाच्या मध्येच घर सोडून जाते. मी एकदा त्याला विचारलं, “मग इथे का नाही जात?” तो म्हणाला, “पुस्तक चारशे लोकांनी वाचलं, अंपारो. चारशे लोकांना काहीही सांगता येतं.”

तेव्हा माझ्यावर भरवसा ठेवू नकोस. तू आईशी बोलत राहा, रोसेन्दोलाही बोलायला लाव. आई माझ्याकडे राहील का, असं तू शेवटी विचारलं आहेस. त्याबद्दल सवडीने लिहीन. गॅसवाला आला आहे, खालून हाका मारतोय.

मुलांना पापे.

तुझी,
अंपारो


मेक्सिको सिटी
२१ नोव्हेंबर १९९१

प्रिय कुका,

मृतांच्या सणाला येता आलं नाही. बाबांच्या थडग्यावर तू माझ्या नावाने झेंडू वाहिलास, बरं केलंस. त्यांना आवडायचं ते मिरचीचं लोणचंही ठेवलंस असं आई म्हणाली. इथे आम्ही सणाच्या दिवशी चार भागांचं चित्रीकरण केलं, त्यातल्या दोन भागांत लोक मेले.

आईशी फोनवर बोलले. तुझ्या सांगण्यावरून मोन्तेर्रेचा विषय काढला. काय झालं ते तिच्याच शब्दांत देते, म्हणजे तू मला नंतर नावं ठेवणार नाहीस.

“आई, तिकडे उन्हाळ्यात अंगाची लाही होते.”

“बाईसाहेबांनाही होईल.”

“त्यांच्या सुनेकडे दोन बाया आहेत कामाला. तू कशाला हवीस?”

“त्या बायांना बाईसाहेबांची औषधं माहीत नाहीत. बाईसाहेबांनाही माहीत नाहीत. त्यांना स्वतःचे मोजे सापडत नाहीत गं. लहान मूल आहे ते.” मग म्हणाली, “मला एक सांग. ती झोपते कुठे?”

“कोण?”

“मिकाएला. इतके दिवस बघतेय. बाईची खोली दाखवतात, मुलीची दाखवतात, घोड्याचा तबेलासुद्धा दाखवला. ही रात्री जाते कुठे?”

मी दुसऱ्या दिवशी सेट लावणाऱ्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, तिची खोली बांधलेलीच नाही, संहितेत कधी लागली नाही. मग मी टेबलाखालून कादंबरी काढली. तिच्यात त्या खोलीवर एक पूर्ण प्रकरण आहे. जिन्याखालची खोली, तिरकं छत, आणि ताठ उभं राहता येईल अशी एकच जागा. मी ते प्रकरण वाचलं, मग पुढचंही वाचलं. टेबल दिवसभर डुगडुगत होतं.

या आठवड्यात क्षमेचा प्रसंग होता. जेवणघर, लांब टेबल. ग्रिसेल्दाने आदल्याच भागात मिकाएलाच्या थोबाडीत मारली आहे. आता ग्रिसेल्दा सूप मागते. मिकाएला गुडघे टेकते, तिचा हात हातात घेते आणि म्हणते, “पुन्हा जन्म मिळाला तर याच घरात मिळो, बाईसाहेब.” मग दोघी रडतात. संगीत.

तर प्रत्यक्षात जरा वेगळं झालं. मिकाएलाचं काम करणाऱ्या इरासेमाच्या तोंडून दुसरंच वाक्य आलं. ती गुडघे टेकणार तेवढ्यात थांबली, एप्रन सोडला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि म्हणाली, “सूप चुलीवर आहे, बाईसाहेब. वाढून घ्या.” आणि गेली. समोरच्या ग्रिसेल्दाला पुढचं वाक्य काही मिळेना. तोंड उघडून ती नुसती बसून राहिली.  शेवटी ती स्वतःच उठली, दोन पावलं गेली आणि स्वयंपाकघर कोणत्या बाजूला ते न कळून थांबली. सेटवर ती बाजू तिने कधी पाहिलीच नव्हती.

दिग्दर्शकाने “कट” म्हणायला बराच वेळ घेतला. मग म्हणाला, हे राहू द्या. संहितेत नसतानाही त्या ग्रिसेल्दाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी खरं दिसलं, असं त्याचं मत पडलं. हा भाग ३ डिसेंबरला दाखवतील. बघ.

असं कसं घडलं, असं तू विचारशील. नट कधी कधी चुकतात.

तू पुन्हा तेच लिहिलं आहेस की माझं लग्न नाही, मुलं नाहीत, एक खोली रिकामी आहे, मग आईला ठेवायला काय अडचण? खोली लहान आहे, कुका. जिना चढायचा म्हणजे आईच्या गुडघ्यांचं काही खरं नाही. त्या खिडकीला पडदाही नाही. पडद्याचं कापड बघायला गेले होते, पण सगळीकडे नाताळचं लाल कापडच लावलं आहे. जानेवारीत स्वस्त होईल.

रोसेन्दोला म्हणावं, कमरेला गरम विटेचा शेक घे.

तुझी,
अंपारो


मेक्सिको सिटी
१९ डिसेंबर १९९१

प्रिय कुका,

तुझं पत्र वाचून मी जरा वेळ पोपटाचं ऐकत बसले. तुझा आनंद पानभर उड्या मारतो आहे आणि शेवटच्या चार ओळींत तू रुसली आहेस. दोन्ही बरोबर आहे. आईने एवारिस्तोला तोंडावर “मी येत नाही” असं सांगितलं. तुला कारण विचारू देत नाही. आणि बोचकं बांधून तुझ्याकडे यायचं सोडून इथे माझ्याकडे येते म्हणते. तू मला विचारतेस, हे झालं काय? मला माहीत आहे ते सांगते. या वेळी गॅसवाला येणार नाही, सिलिंडर भरलेला आहे.

आधी माझं. इरासेमा चुकली नव्हती. तिच्या कानात ते वाक्य मी म्हटलं. आदाल्बेर्तोच्याच कादंबरीतलं आहे, माझं नाही. पानावर ‘पुन्हा जन्म मिळाला तर’ असं लिहिलेलं मला दिसत होतं. तोंडातून दुसरं आलं. मुद्दाम केलं का? हो. एप्रन सोड, हेही मी सांगितलं. आणि त्यानंतर ग्रिसेल्दाच्या कानात मी काहीच बोलले नाही. ती वाट बघत होती, मला काचेतून दिसत होती. बावीस वर्षं मी त्या बायकांना शब्द पुरवत आले. तेवढ्या वेळापुरते नाही पुरवले.

मला वाटलं, हे आईसाठी केलं. मग वाटलं, तू मागे लागली होतीस म्हणून केलं. आता वाटतं, मला ते करायचंच होतं.

भाग दाखवल्यावर प्रेक्षकांच्या पत्रांचा ढीग पडला. अर्धे लोक मिकाएलाला कृतघ्न म्हणतात, अर्धे तिला नोकरी देऊ करतात. वरच्या लोकांनी आदाल्बेर्तोला हुकूम केला की तिला परत आण, आजारी पाड आणि मालकिणीच्या मांडीवर मार. त्याला त्याच दिवशी फ्लू झाला. अजून बरा व्हायचा आहे. घरी जाण्याआधी तो माझ्या काचेच्या खोलीत आला होता.

“ते वाक्य कुठून आणलंस?”

मी टेबलाखाली बोट दाखवलं. वाकून त्याने पुस्तक बघितलं. काढलं नाही.

“मी लिहिलंय हे?”

“तुम्हीच.”

“बरं लिहायचो मी,” म्हणाला आणि शिंकत निघून गेला.

मला मात्र काढलं. मालिकेचे प्रेक्षक वाढले, पण ग्रिसेल्दाचं काम करणारी बाई म्हणाली की अंपारो त्या खोलीत असेल तर मी कानात यंत्र घालणार नाही. तिचंही खरं आहे. कानात कोण काय बोलेल याची खात्री नसेल तर उभं कसं राहायचं? इरासेमा निरोप द्यायला आली. “पुढच्या वेळी आधी सांगत जा गं, माझी धडधड अजून थांबली नाही,” म्हणाली, आणि गळ्यात पडून खरंखुरं रडली. तिला असं वाक्याशिवाय रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

आता आईचं. परवा तिने स्वतः फोन केला. औषधाच्या दुकानातून नाही, बाईसाहेबांच्या दिवाणखान्यातून. काय झालं हे मी विचारण्याआधीच ती बोलायला लागली.

“त्या दिवशी भाग संपला,” म्हणाली. “बाईसाहेब म्हणाल्या, किती उद्धट बाई आहे. मी म्हटलं, हो बाईसाहेब. मग त्या म्हणाल्या, तोमासा, सूप. मी उठणार होते गं. हात खुर्चीवर टेकलेसुद्धा. आणि उठले नाही.”

“काही बोललीस?”

“काय बोलणार? बसून राहिले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग स्वतः उठल्या आणि आत गेल्या. मला सगळं ऐकू येत होतं. आधी फडक्यांचा खण उघडला. मग मेणबत्त्यांचा. मग सुऱ्यांचा. पन्नास वर्षं त्या घरात राहतात, चमचे कुठे असतात ते ठाऊक नाही! मी मनात म्हणत होते, डावीकडे, बाईसाहेब, डावीकडे. पण बोलले नाही.”

“मग?”

“मग वाडगा आणि ढवळायचा डाव घेऊन आल्या. डावाने सूप प्यायल्या, शालीवर सांडलं. आणि म्हणतात काय, मीठ कमी आहे, तोमासा.” इथे आई हसायला लागली. तिला इतकं हसताना तू शेवटचं कधी ऐकलं होतंस? मला आठवत नाही.

“वाईट वाटलं का गं?”

“वाटलं. रडूही आलं. पण उठले नाही.” मग म्हणाली, “नंतर चारेक दिवसांनी पुन्हा आत गेल्या आणि सरळ डावीकडचा खण उघडला. चमचे सापडले, अंपारो. मला वाटायचं की मी गेले तर ही बाई उपाशी मरेल. नाही मरणार. दुसऱ्या दिवशी एवारिस्तोला सांगून टाकलं.”

 मग तिनेच विचारलं, “ते वाक्य तू सांगितलंस ना तिला?”

“तुला कसं कळलं?”

“ती मिकाएला एरवी सगळं गळा काढून बोलते. तेवढं एक वाक्य सपाट बोलली. तुझ्यासारखं.”

कुका, इतकी वर्षं माझा आवाज टीव्हीवर कुणी ऐकला नाही. तिने ऐकला. फोन ठेवल्यावर मी रडले, हे तुला सांगते आणि पुन्हा सांगणार नाही.

आता राहिले तुझे चार ओळींचे रुसवेफुगवे. आई माझ्याकडे का येते? मी तिला हेच विचारलं. ती म्हणाली, “कुकाच्या घरी वाढायला माणसं आहेत. तुला कोण आहे गरम वाढायला?”  मला याचीच भीती होती, म्हणून दोन पत्रं मी तुला गॅसवाल्याच्या, पडद्याच्या आणि जिन्याच्या गोष्टी सांगत होते.

ईस्टरला ती माझ्याकडे आली होती, आठवतं? मला ताप होता. पडल्या पडल्या मी हाक मारली, “आई, पाणी.” ती स्वयंपाकघरात भांडी घासत होती. तिथूनच, मान वर न करता, म्हणाली, “आले, बाईसाहेब.” तिला कळलंही नाही आपण काय बोललो ते. पाणी आणून दिलं, कपाळावर हात ठेवला, परत भांड्यांकडे गेली. मी ते पाणी प्यायले. तेव्हापासून तुझ्या प्रत्येक पत्रातला तो प्रश्न मी टाळते आहे. ती इथे येईल, तिच्या बुटक्या खुर्चीसकट येईल, दाराजवळ बसेल, आणि कधीतरी मला त्याची सवय होईल. आपल्या दोघींच्या अंगात त्या बाईसाहेबांचा थोडा अंश आहे, कुका. त्यांच्याच ताटातलं उरलेलं खाऊन वाढलो आपण.

पण ये म्हटलं तिला. एक अट घातली. एप्रन तिथेच ठेवून यायचा.

“मग मी दिवसभर करू काय?” तिने विचारलं.

“बस.”

“नुसती?”

“नुसती.”

 मग म्हणाली, “जमेल की नाही सांगता येत नाही. बघू.” मलाही सांगता येत नाही. नोकरी शोधते आहे. रेडिओवाल्यांना सपाट आवाज लागतो का, चौकशी करायला हवी. रिकाम्या खोलीला लाल पडदा लावला, जानेवारीची वाट बघितली नाही. खोलीत ती कुठेही ताठ उभी राहू शकते, मी मोजून नाही, स्वतः उभी राहून पाहिलं.

ती शनिवारी येते आहे. तू रविवारी ये, रोसेन्दोला आणि मुलांना घेऊन. चमचे डावीकडच्या खणात आहेत. सूप मी करणार आहे, तेव्हा बिघडेल. चुलीवर असेल. तू, मी आणि आई, ज्याने त्याने आपापलं वाढून घ्यायचं. आई उठली तर तिचा हात तू धर, मला एकटीला जमणार नाही.

तुमची दोघींची,
अंपारो